‘कोणती जनता?’

तुमच्यापैकी निम्म्या जणांच्या प्रपोजलमध्ये ‘जनतेच्या प्रतिक्रिया’ हे शब्द असणार. माझ्याही होते. गाईडनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, “कोणती जनता?” त्या रेघेने माझं अख्खं सेमिस्टर खाल्लं. तुमचं वाचावं म्हणून हे लिहितेय.

माझं उदाहरण मला पक्कं वाटत होतं. मार्च २०२० मध्ये ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’च्या एका भागात चंपकलाल म्हणाले की मुंबईची भाषा हिंदी आहे. मनसेच्या चित्रपट सेनेचे अमेय खोपकर भडकले आणि निर्माते असितकुमार मोदींनी माफी मागितली. झालं! प्रादेशिक साचेबंद चित्रण आणि त्यावरचा लोकक्षोभ, दोन्ही एकाच ठिकाणी. पुढे २०२१ मध्ये याच मालिकेची मुलांसाठी कार्टून आवृत्ती आली, म्हणजे एक चॅप्टर तयारच.

पण नीट बघा. लोक चिडले ते एका विधानावर, चित्रणावर नाही. मराठी माणसाचा साचा त्या मालिकेत २००८ पासून होताच: आत्माराम भिडे. ट्यूशन घेणारा, पै-पै मोजणारा, ‘सखाराम’ नावाची जुनी स्कूटर ढकलणारा, बायको लोणची-पापड विकणारी. त्यावर कुणी मोर्चा काढला नाही. आपण तर आवडीने बघितला. त्याच सोसायटीत तमिळ अय्यर आहे, तमिळ नसलेल्या नटाने केलेला, आणि त्याच्या रंगावरून विनोद होतात. मी त्यावर हसले आहे, आणि चंपकलालवर चिडलेही आहे. हे दोन्ही एकाच माणसाने केलं हे माझ्या प्रपोजलमध्ये कुठेच बसत नव्हतं.

मग ‘मोटू पतलू’ घेतलं. २०१२ पासूनचं कार्टून. त्यातला इन्स्पेक्टर चिंगम दाक्षिणात्य हेल काढून बोलतो, रजनीकांतची ऐट मारतो, हवेत गोळी झाडतो आणि डोक्यात नारळ पडतो. यावर निषेध शोधाल तर हाती फारसं काही लागणार नाही. म्हणून ‘प्रेक्षकांना मान्य आहे’ असं लिहायचं का? प्रेक्षक सात वर्षांचा आहे हो! तो पत्रक काढत नाही.

इथे अपूचं प्रकरण उपयोगी पडतं. ‘द सिम्पसन्स’मध्ये अपू १९९० मध्ये आला, त्याचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. हरी कोंडाबोलूंचा त्यावरचा माहितीपट आला २०१७ मध्ये. मधली सत्तावीस वर्षं कुठे गेली? शाळेत त्या आवाजात चिडवली गेलेली मुलं मोठी होऊन स्वतः नट आणि विनोदवीर होण्यात गेली. अझारियांनी २०२० मध्ये तो आवाज सोडला. माहितीपटावर माझा एक आक्षेप आहे: कोंडाबोलू बोलतात ते मुख्यतः अमेरिकेत वाढलेल्या कलाकारांशी. ती एक जनता झाली. भारतात बसून अपू बघणारी दुसरी, आणि तिला त्या आवाजात कुणी वर्गात हाक मारलेली नसते.

स्टुअर्ट हॉलच्या तीन वाचनपद्धती तुम्ही नेटच्या अभ्यासात पाठ केल्या असतीलच: मान्य, तडजोडीचं, विरोधी. पाठ असणं वेगळं. एकच प्रेक्षक एकाच भागात तिन्ही करतो, आणि निषेध मोजताना आपल्या हाती फक्त तिसरं लागतं, तेही ज्याच्या पाठीशी संघटना आहे त्याचंच.

लवळ्यात आमच्या मेसमध्ये पहिल्या वर्षाची एक तमिळ मुलगी माझ्या शेजारी बसते. पुण्यात वाढलेली, मराठी माझ्यापेक्षा फर्डी. मी सहज चिंगमचा विषय काढला. ती खळखळून हसली, तो हेल हुबेहूब काढून दाखवला. मग भाताकडे बघत म्हणाली, “ताई, पाचवी ते सातवी माझं नावच चिंगम होतं.”

एका मुलीवरून निष्कर्ष काढणार नाही. पण प्रश्नावलीतला पहिला प्रश्न खोडलाय. ‘तुम्हाला हे पात्र आक्षेपार्ह वाटतं का?’ ऐवजी आता तिथे आहे: ‘या पात्राच्या नावाने वर्गात कुणाला हाक मारत होते?’ पायलट पुढच्या सोमवारी.