महालक्ष्मीची पोथी: दारातली म्हातारी कुठे गेली?

मार्गशीर्षातल्या गुरुवारी घराघरात वाचली जाणारी महालक्ष्मी व्रताची पोथी आज जरा कथा म्हणून वाचू. (माझा विषयच छापील व्रतकथा, त्यामुळे सवय!)

सौराष्ट्रातला राजा भद्रश्रवा. लक्ष्मी फाटक्या कपड्यातली म्हातारी होऊन दाराशी येते. राणी सुरतचंद्रिका तिचा अपमान करते. मुलगी शामबाला तिला मान देते, व्रत करते. पुढे राज्य जातं. लेकीने दिलेला धनाचा हंडा घरी उघडला तर आत कोळसे! शामबाला मात्र माहेरहून मीठ नेते, नवऱ्याला आधी अळणी जेवण वाढते, मग मीठ. कथेतला हा सगळ्यात जिवंत प्रसंग. धनाच्या गोष्टीत मोल ठरतं ते चिमूटभर मिठाचं.

शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला फळासोबत ही पोथीच भेट देतात, म्हणजे पुढचा वाचक मिळवायची सोय विधीतच आहे. पण खटकतं ते इथेच. हळदीकुंकवाला बोलवायचं सुवासिनींना किंवा कुमारिकांना. विधवा, दाराशी आलेली अनोळखी म्हातारी यादीत नाहीच. राणीची जी चूक कथा सांगते, तीच विधीत रीत होऊन बसते.

यंदा पोथी वाचाल तेव्हा बघा: ती म्हातारी आलीच, तर तिला पाट मांडाल का?