जुनी मोठी डिश शाळेने घ्यावी का?

अंबाजोगाईतील काही शिक्षकमित्रांनी आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला आहे. केबलच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या एका गृहस्थांकडे बारा फुटी जाळीची डिश पडून आहे. भंगाराच्या भावात, कदाचित फुकटही, ती शाळेला मिळेल. 'हिची रेडिओ दुर्बीण होते', असे कोणीतरी सांगितले आहे. मुख्याध्यापक अनुकूल आहेत आणि दहावीची मुले तर ट्रॅक्टरची ट्रॉली कोणाकडून मागायची इथपर्यंत पोहोचली आहेत. घ्यावी का?

अशा छत्र्या आपल्याकडे गावोगाव दिसू लागल्या त्या १९९१-९२ नंतर. एशियासॅट-१ वरून येणारे कार्यक्रम सुमारे ४ गिगाहर्ट्झच्या सी-पट्ट्यात येत. ही लहर साधारण साडेसात सेंटिमीटर लांबीची. उपग्रहाची शक्ती तुटपुंजी, म्हणून पकडणारे तोंड मोठे हवे. पुढे अधिक शक्तीचे उपग्रह आले, लहर अडीच सेंटिमीटरवर आली आणि २००४ मध्ये दूरदर्शनची थेट-घरी सेवा सुरू झाल्यावर साठ सेंटिमीटरची डिश घरोघरी पुरेशी ठरली. मोठ्या छत्र्या अडगळीत गेल्या त्या अशा. त्या बिघडल्या नव्हत्या, त्यांची गरज संपली होती.

अशी डिश घ्यावी असे म्हणणारे हमखास कल्याणचा दाखला देतात. दाखला खरा आहे. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे क्रिस्टियनसन यांनी सूर्याच्या निरीक्षणासाठी सहा फुटी ३२ डिशची रांग उभारली होती. तिचे काम संपत आले तेव्हा तेथे शिकत असलेल्या गोविंद स्वरूप यांनी १९५५ मध्ये त्या भारताला द्याव्यात अशी विनंती केली. त्या मिळाल्या, आणि १९६५ मध्ये कल्याणला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची पहिली रेडिओ दुर्बीण त्यांच्यातूनच उभी राहिली. २४ डिश पूर्व-पश्चिम आणि ८ दक्षिणोत्तर. पुढे उटी आणि खोडद येथे जे घडले त्याची सुरुवात ही.

पण ही गोष्ट सांगताना मधली दहा वर्षे गाळली जातात, आणि आमची तक्रार नेमकी त्याबद्दल आहे. डिश द्यायला ऑस्ट्रेलियन तयार होते, पण जहाजाच्या भाड्यासाठी परकीय चलन मिळेना. त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत १९५८ च्या सुमारास पोहोचल्या, तोवर स्वरूप अमेरिकेला गेले होते. ते १९६३ मध्ये परत येईपर्यंत तिचा उपयोग करणारे कोणी नव्हते. म्हणजे त्याच डिश, त्याच देशात, माणूस नव्हता तेव्हा नुसते सामान होत्या. आणखी एक गोष्ट. स्वरूप आणि त्यांचे सहकारी पार्थसारथी यांनी याच डिश पॉट्स हिलला असताना मूळच्या २१ सेंटिमीटरऐवजी ६० सेंटिमीटर लहरीसाठी वापरून पाहिल्या होत्या. जे मागत होते ते त्यांच्या हाताखालून गेले होते. 'भंगारातून दुर्बीण' एवढेच वर्गात सांगितले, तर मुलांच्या मनात भंगार राहते आणि तयारी निसटते.

आता बारा फुटी, म्हणजे ३.६ मीटर व्यासाच्या डिशकडे वळू. हिचे क्षेत्रफळ सुमारे १० चौरस मीटर, घरगुती डिशच्या ३६ पट. पण मोठेपणाचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. डिशला आकाशाचा किती कोन 'दिसतो' हे लहरीची लांबी भागिले व्यास, गुणिले ७० अंश, असे ढोबळमानाने काढता येते. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरीला आपल्या डिशचा कोन चार अंशांचा येतो. एक मीटरच्या डिशचा तोच कोन पंधरा अंश. आकाशगंगेच्या पट्ट्यातील हायड्रोजन दोन्हींना सापडेल, पण तो पट्टा कोठे दाट आणि कोठे विरळ हे पाहायचे तर चार अंश हवेत. मोठी डिश घेण्याचे आम्हांला पटणारे कारण हे एवढेच आहे.

सूर्य पाहायचा असेल तर हिची गरज नाही. गच्चीवरची साठ सेंटिमीटरची डिश आणि डिश बसवणारे वापरतात तो सिग्नल दाखवणारा छोटा मीटर पुरतो. डिश सूर्याकडे वळवली की काटा चढतो. त्याहून सोपा प्रयोग तर काहीच न हलवता होतो. अंबाजोगाईहून पाहता भूस्थिर उपग्रहांची रांग खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे सव्वातीन अंश दक्षिणेला दिसते. सूर्य त्या रेषेवर १२ मार्चच्या आणि १ ऑक्टोबरच्या आसपास येतो. त्या दिवसांत ठरावीक वेळी सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे येतो आणि टीव्हीचा सिग्नल काही मिनिटे खराब होतो. रोजची वेळ आणि बिघाडाची मिनिटे वहीत मांडली, तर रेडिओ खगोलशास्त्राचा पहिला धडा झाला.

डिश मागायला जाताना दोन दोऱ्या सोबत न्याव्यात. काठावर एकमेकींना काटकोनात ताणून बांधल्या की मध्यभागी त्या एकमेकींना टेकल्या पाहिजेत. फट राहिली तर काठ पिळलेला आहे. मग दोरीपासून तळापर्यंत खोली मोजावी. व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळापटीने भागले की नाभीय अंतर मिळते. खोली ६० सेंटिमीटर निघाली तर ते १.३५ मीटर येईल. दहावीच्या मुलांना अन्वस्त या वक्राची ओळख करून द्यायला यापेक्षा चांगली संधी आम्हांला ठाऊक नाही. पृष्ठभागातील चूक लहरीच्या विसाव्या भागाइतकी असली तरी चालते. २१ सेंटिमीटरला ती एक सेंटिमीटर होते. त्यामुळे टीव्हीसाठी निकामी ठरलेली थोडी पोचलेली जाळी हायड्रोजनसाठी बाद होत नाही. जुना एलएनबी मात्र कामाचा नाही. तो ४ गिगाहर्ट्झचा, हायड्रोजनची रेषा १.४२ गिगाहर्ट्झवर. शिवाय २०२२ पासून ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा ५-जीला गेल्यामुळे जवळ टॉवर असेल तर तो गोंधळतोही. नाभीशी पंधरा सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा, प्रवर्धक आणि संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर हे नव्याने घ्यावे लागेल. फुकट डिशचा खरा खर्च येथून सुरू होतो.

आणि वारा. ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ५४० न्यूटन असतो. समोरून वारा घेणाऱ्या भरीव १२ फुटी डिशवर तो ७०० किलोग्रॅम वजनाइतका रेटा देतो. खांब दोन मीटर उंच आणि पाया दीड मीटर चौरस धरला, तर डिश उलटू नये म्हणून पायाचेच वजन जवळपास दोन टन लागते. जाळीवर रेटा कमी पडतो. खोडदच्या ४५ मीटरच्या डिश पोलादी तारांच्या विरळ जाळीने विणल्या आहेत त्यामागे हेच कारण आहे. पण जाळीच्या भरवशावर राहू नये. उन्हाळ्याच्या अखेरचे वादळी पाऊस मराठवाड्याला नवे नाहीत. जुन्या शाळेच्या स्लॅबवर हे ओझे चढवण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. डिश जमिनीवरच हवी, भोवती कुंपण हवे आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासून ती दूर हवी.

शेवटी दिशेचा प्रश्न. टीव्हीची डिश ज्या बैठकीवर बसते ती उपग्रहांच्या रांगेपुरतीच फिरते. ती तशीच आणून रोवली तर आकाशाची एक अरुंद पट्टी दिसेल. तीही वाईट नाही, कारण पृथ्वी फिरते आणि आकाशगंगा दिवसातून दोनदा त्या पट्टीतून जाते. पण वर-खाली हलवता येणारी बैठक गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, तर डिश दक्षिणोत्तर रेषेवर कोठेही रोखता येईल आणि उरलेले काम पृथ्वीवर सोडता येईल.

तेव्हा आमचे मत असे. यंदा एक मीटरची डिश किंवा पुठ्ठ्याला ॲल्युमिनियमचा पत्रा लावून केलेला कर्णा घेऊन हायड्रोजनची रेषा मिळवावी. मिळाली, आणि पुढल्या वर्षीही शाळेत राहणारे निदान दोन शिक्षक त्यात रमले, तर बारा फुटी डिश जरूर आणावी. मालक तेवढे थांबायला तयार नसतील, तर ती सुटी करून पाकळ्या कोरड्या जागी ठेवाव्यात, नट-बोल्टना तेल लावावे आणि कोणती पाकळी कोठे बसते त्याचे आकडे रंगाने घालून ठेवावेत.