दिसणारे अक्षर आणि असणारे अक्षर

मराठी संकेतस्थळांविषयी आपल्या मंडळींत बोलणे निघाले की अभिप्राय बहुधा रंगसंगती, मांडणी आणि अक्षरांचे वळण यांवरच थांबतो. ग्रंथाची समीक्षा करताना छपाईच्या आधी मजकूर पाहण्याची आपली रीत आहे. संकेतस्थळापुढे ती आपण विसरतो. आमच्या मते तेथे पहिला प्रश्न असा विचारावयास हवा की, पडद्यावर दिसणारे अक्षर मुळात अक्षर आहे काय?

शासकीय सेवेत आमची कित्येक वर्षे ‘कृतिदेव’ या टंकाच्या सहवासात गेली. त्यात ‘भोपाल’ टंकित केले की डोळ्यांना भोपालच दिसते. संगणकाच्या पोटात मात्र एच, के, के, एस, आय, के, वाय अशी सात रोमन अक्षरे साठतात. टंक हा केवळ वर चढविलेला मुखवटा. डोळस माणसाचे त्यावाचून काही अडत नाही. अंध वाचक मात्र पडदा-वाचक प्रणालीकडून ऐकून वाचतो, आणि तिला मुखवटा दिसत नाही. ती बिचारी ती सात अक्षरेच उच्चारते. मराठी वृत्तपत्रांची आरंभीची बरीच संकेतस्थळे अशाच खासगी टंकांत होती. १९९१ पासून युनिकोडने देवनागरी वर्णांना सर्वत्र समान क्रमांक दिले. २००६ साली ऑस्ट्रेलियातील दोघा अंध तरुणांनी ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य वाचक-प्रणाली सुरू केली. साधने आली, सवय रेंगाळली.

मुखवट्याची जागा पुढे छायाचित्राने घेतली. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने दुर्मीळ मराठी ग्रंथांची पाने टिपून ठेवली, हे उपकार मोठेच, पण पानाचे चित्र म्हणजे मजकूर नव्हे. ते ऐकता येत नाही, शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे केले तरी ओळ पडद्याबाहेर धावते. याउलट मराठी विकिस्रोतावर मूळ पानाच्या चित्राशेजारी हाताने तपासलेला मजकूर असतो. दिसावयास ते स्थळ अगदीच साधे. तरी आम्ही त्यास वरचे स्थान देऊ.

आणखी एक बारीक गोष्ट, आपणा बृहन्महाराष्ट्रीयांना चटकन उमगेल अशी. पानाची भाषा कोणती, हे संकेतस्थळाच्या रचनेतच नोंदवावे लागते. तेथे मराठीऐवजी हिंदी नोंदविली गेली, तर प्रणाली हिंदी आवाज निवडते आणि आपला ‘चमचा’ परप्रांतीय होतो!

हा विषय मूठभरांचा नव्हे. आमच्या करोंदला वायुपीडितांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय आहे. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री वायूचा मारा डोळ्यांवरही झाला होता. मोतीबिंदू तर आपल्या सभासदांत घरोघरी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यतेचे बंधन घातले. डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटविणे ज्यांना अशक्य होते, अशा आम्लहल्ला-पीडितांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी अंकीय सुविधांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या हक्काचा भाग ठरविला.

आपल्या त्रैमासिकाचे जुने अंक संगणकावर आणण्याचा विचार कधी निघालाच, तर नुसती पाने टिपून काम संपले असे मानू नये. यंत्राने ओळखलेल्या मजकुरात ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ हमखास घसरतात. ते पकडावयास मुद्रितशोधन जाणणारी माणसे लागतील, आणि तशी आपल्यात अजून दहा-बारा तरी आहेत.