प्रोफोंदो रोस्सो

प्रोफोंदो रोस्सो : इटालियन भयरहस्यपटांतील एक अभिजात कृती. शीर्षकाचा अर्थ ‘गडद लाल’. इटलीत ७ मार्च १९७५ रोजी प्रदर्शित. दिग्दर्शक दार्यो आर्जेन्तो (१९४०– ). पटकथा आर्जेन्तो व बेर्नार्दीनो झाप्पोनी यांची, छायालेखन लुईजी कुव्हेलर यांचे आणि संकलन फ्रांको फ्रातिचेल्ली यांचे. इंग्रजी भाषिक देशांत तो डीप रेड या नावाने परिचित आहे.

मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून रहस्यकथांची एक माला पिवळ्या वेष्टनात काढली. त्यावरून इटलीत रहस्यकथेला ‘जाल्लो’ म्हणजे ‘पिवळी’ असे नाव पडले आणि पुढे ते चित्रपटांनाही लागू झाले. मार्यो बाव्हा यांच्या १९६३ व १९६४ मधील दोन चित्रपटांनी या प्रकाराचे स्वरूप निश्चित केले. आर्जेन्तो यांनी १९७० मधील आपल्या पहिल्याच चित्रपटात त्याला एका नव्या प्रश्नाची जोड दिली : डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेचा अर्थ साक्षीदाराला खरोखर कळतो काय ? प्रोफोंदो रोस्सो मध्ये हाच प्रश्न परिपक्व रूपात मांडलेला आढळतो.

मार्कस डेली हा इंग्रज पियानोवादक (डेव्हिड हेमिंग्ज) एका रात्री चौकातून वर पाहत असताना त्याच्या शेजारी राहणाऱ्या अतींद्रियज्ञानी स्त्रीचा खून होतो. तो धावत तिच्या घरात शिरतो आणि चित्रे टांगलेल्या अरुंद मार्गिकेतून पुढे जातो. त्या चित्रांपैकी एक नंतर नाहीसे झाले, असे त्याला वाटत राहते व त्याच्या शोधातून कथा उलगडत जाते. वस्तुतः नाहीसे झालेले ‘चित्र’ म्हणजे आरशात पडलेले खुनी व्यक्तीचे प्रतिबिंब होते. दिग्दर्शकाने हा चेहरा प्रेक्षकापासून लपविलेला नाही. मार्कसबरोबर तो प्रेक्षकालाही क्षणभर दिसतो, पण बहुतेकांच्या तो ध्यानी येत नाही. रहस्यपटात पुराव्याची मांडणी इतकी प्रामाणिक व तरीही इतकी फसवी क्वचितच असते.

हेच सूत्र अन्यत्रही आढळते. एका लेखिकेला कढत पाण्यात बुडवून मारले जाते. मरताना तिने वाफाळलेल्या भिंतीवर बोटाने लिहिलेली अक्षरे पुन्हा वाफ धरल्यावरच दिसतात. एका ओसाड हवेलीत मार्कस भिंतीचा गिलावा खरवडून लहान मुलाने काढलेले चित्र उघडे करतो. तो निघून गेल्यावर आणखी एक खपली पडते आणि चित्रातील तिसरी आकृती केवळ प्रेक्षकाला दिसते. हेमिंग्ज यांनी आंतोन्योनी यांच्या ब्लो-अप (१९६६) मध्ये रंगविलेला छायाचित्रकार छायाचित्रे मोठी करून खुनाचा माग काढतो. येथील नायकाजवळ छायाचित्र नाही, केवळ स्मृती आहे. आणि स्मृती पाहिलेल्या गोष्टीत परस्पर बदल करते.

खुनी व्यक्ती मार्कसच्या मित्राची, कार्लोची आई निघते. ती एकेकाळची अभिनेत्री असून तिच्या घरी मार्कस जातो तेव्हा भिंतींवर तिची जुनी छायाचित्रे असतात. परंतु या वृद्धेकडे नीट पाहण्याचे कोणास सुचत नाही. ही भूमिका व्हिस्कोन्ती यांच्या ओस्सेस्योने (१९४३) ची नायिका क्लारा कालामाई यांनी केली, हे अर्थपूर्ण आहे. बहुतांश चित्रण तोरीनो (ट्यूरिन) येथील असून तेथील रिकामे चौक एकाकीपणाची छाया गडद करतात. ‘गोब्लिन’ या वाद्यवृंदाचे रॉक पद्धतीचे संगीत आणि मधूनच ऐकू येणारे बालगीत यांचा विरोध परिणामकारक ठरतो.

या चित्रपटाचे मूल्यमापन घरगुती चित्रफितींच्या इतिहासाशी निगडित आहे. मूळ इटालियन आवृत्ती सव्वादोन तासांहून थोडी कमी होती. निर्यातीसाठी तिच्यातून वीसहून अधिक मिनिटे कापली गेली. या काटछाटीत मुख्यतः मार्कस व जान्ना ही वार्ताहर (दार्या निकोलोदी) यांच्यातील विनोदी प्रसंग गेले. स्त्री दुबळी असते, असे म्हणणाऱ्या मार्कसला ती पंजाच्या लढतीत हरविते, यासारखे हे प्रसंग अवांतर वाटतात. परंतु नायकाच्या आत्मविश्वासाचा पोकळपणा त्यांतूनच व्यक्त होतो. ते गळल्यावर उरली ती खुनांची मालिका. व्हिडिओ-कॅसेटच्या काळात रुंद पडद्यासाठी रचलेली चौकट दूरचित्रवाणीच्या जवळजवळ चौकोनी पडद्यात बसविताना चित्राचा सुमारे चार दशांश भाग नष्ट होई. कडेला काय दिसते यावर आधारलेल्या कृतीची ही मोठी हानी होती.

पुढे डीव्हीडी व ब्लू-रे तबकड्यांवर संपूर्ण आवृत्ती मूळ रुंदीसह उपलब्ध झाली. वगळलेल्या भागांचे इंग्रजी ध्वनिमुद्रण नसल्याने इंग्रजी आवृत्तीत पात्रे मध्येच इटालियन बोलू लागतात. त्यामुळे काटछाटीच्या जागा आपोआप उघड झाल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मार्गिकेतील दृश्य थांबवून, मागे नेऊन तपासण्याची सोय प्रेक्षकाला लाभली. मार्कसला अखेरीस पुन्हा त्याच घरी जाऊन जे उमगते, ते प्रेक्षक बसल्या जागी पडताळू शकतो. मात्र या सोयीने एक गोष्ट हिरावली : डोळ्यांदेखत असूनही न दिसण्याचा अनुभव पहिल्या, अखंड दर्शनातच येतो.

चित्रपटात दोष आहेत. खुनी व्यक्ती प्रत्येक ठिकाणी आधीच कशी पोहोचते, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. मनोविकृतीचे स्पष्टीकरण ढोबळ आहे. हत्यांचे रेखीव, जवळजवळ शोभिवंत चित्रण करताना बळींच्या वेदनेपेक्षा रचनेकडे अधिक लक्ष दिले जाते, हा आक्षेपही पूर्णतः खोडता येत नाही. तथापि शेवटच्या दृश्यात रक्ताच्या थारोळ्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहणाऱ्या मार्कसवर कॅमेरा स्थिरावतो, तेव्हा पाहणाऱ्यालाही दिग्दर्शकाने निर्दोष मानलेले नाही, हे स्पष्ट होते. हिंसेच्या दर्शनाबरोबर दर्शनाचीच चिकित्सा करणारी कृती म्हणून या चित्रपटाचे स्थान महत्त्वाचे आहे.