ठोकळ्यांची सृष्टी

साधन हाती आले की कला साधते, हा समज जितका जुना तितकाच भ्रामक होय. तथापि साधनावाचून कल्पनेस मूर्त रूप येत नाही, हेही तितकेच खरे. इंग्लंडात १९९१ साली निघालेली ‘थ्रीडी कन्स्ट्रक्शन किट’ ही संगणकप्रणाली या दोन सत्यांच्या सीमेवर उभी आहे. सबब वाङ्मयाच्या अभ्यासकाने तिचे परीक्षण करावे, यात वावगे काही नाही.

‘इन्सेंटिव्ह सॉफ्टवेअर’ या संस्थेने ‘फ्रीस्केप’ नामक रचनापद्धती सिद्ध करून १९८७ साली ‘ड्रिलर’ हा खेळ प्रसिद्ध केला. अवघ्या ४८ किलोबाइट स्मृतीच्या घरगुती ‘स्पेक्ट्रम’ यंत्रावर, ज्याच्या प्रक्रियकास गुणाकाराची स्वतंत्र आज्ञादेखील ठाऊक नाही अशा यंत्रावर, लांबी, रुंदी व खोली असलेले जग उभे राहिले. पाऊल टाकावे आणि पुढील दृश्यासाठी क्षणभर थांबावे, अशी त्याची गती होती. पुढे जी हत्यारे घेऊन आपण खेळ रचले, तीच या संस्थेने ‘किट’च्या रूपाने ग्राहकांच्या हाती दिली. हे औदार्य सामान्य नव्हे.

या किटची सामग्री मोजकी आहे: ठोकळा, सूची, त्रिकोण, चौकोन, रेषा. गोलाई नाही. प्रत्येक वस्तूभोवती एक अदृश्य चौकट कल्पिलेली असून दोन चौकटी एकमेकींत शिरू देता येत नाहीत. त्यामुळे उतरत्या छपरावर धुराडे बसविणेही दुर्घट. जोडीला आज्ञांची एक छोटी भाषा आहे. या ठोकळ्यास गोळी लागली, तर तो दरवाजा अदृश्य व्हावा, अशी अट तीत लिहिता येते. जुन्या यंत्राचे सोंग वठविणाऱ्या प्रणालीत मी मेज-खुर्चीची एक खोली रचून पाहिली. त्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. पण मेज म्हणजे काय, याचा इतका विचार मी आयुष्यात केला नव्हता.

बंधन हे वैगुण्यच, असे मात्र कोणी समजू नये. वृत्ताचे बंधन कवीस जाचते आणि तारतेही. ‘ड्रिलर’ पाहा. सपाट क्षेत्रांपलीकडे यंत्राची धाव नाही, हे ओळखून कर्त्यांनी आपला चंद्रच पैलूदार कल्पिला आणि त्याच्या १८ चौरस पैलूंवर खेळाची १८ क्षेत्रे वसविली. अशा रीतीने मर्यादाच त्या जगाचा भूगोल झाली. किटने ग्राहकास ठोकळे दिले. ही दृष्टी तीस देता आली नाही, आणि कोणत्याच साधनास ती देता येणार नाही. मम्मटाने काव्यास शक्ती, निपुणता व अभ्यास आवश्यक मानले. त्यांपैकी किटच्या पदरात पडतो तो केवळ अभ्यास.

पण अभ्यास ही लहान देणगी नव्हे. आज याहून शतपट समर्थ साधने विनामूल्य मिळतात. त्यांच्या झगमगाटात कल्पनेचे दारिद्र्य सहज झाकून जाते. किटच्या उघड्याबोडक्या ठोकळ्यांत ते लपत नसे. मुलांना संगणक घेऊन देणाऱ्या पालकांस माझी एवढीच विनंती, की मुलाने शंभर खेळ खेळावेत, पण निदान एक खोली दहा ठोकळ्यांत स्वतः रचावी. रसिक होण्याची ती पहिली पायरी आहे.