रोहिणखेडची लढाई : रुसवा कीं राजकारण ?

पिंपळगाव राजाच्या पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्यांतच, रोहिणखेड हें गांव आहे. इ. स. १४३७ मध्यें तेथें बहामनी सेनापति खलफ हसन यानें खानदेशच्या नसीरखान फारुकीचा मोड केला. पुढें बऱ्हाणपूर लुटलें गेलें; नसीरखान लळिंगास पळाला व त्याच वर्षीं वारला.

या युद्धाचें कारण फिरिस्ता घरगुती सांगतो. सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा हा नसीरखानाचा जांवई. त्याचें मन संगमेश्वरच्या राजकन्येवर बसलें, म्हणून बेगमेनें बापाकडे गाऱ्हाणें नेलें. आम्हांस हें कारण अपुरें वाटतें.

फिरिस्त्याचा ग्रंथ या प्रसंगानंतर सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं झाला, ही गोष्ट बाजूस ठेविली तरी त्याचाच मजकूर त्याच्या निदानाविरुद्ध साक्ष देतो. नसीरखानानें गुजराथच्या अहमदशहाची अनुमति मिळविली, वऱ्हाडचे सरदार फितविले आणि त्या प्रांतांत स्वतःच्या नांवाचा खुतबा वाचविला. बहामनी सुभेदार खानजहान यास नरनाळ्याचा आश्रय करावा लागला. मुलीच्या अपमानाचा जाब बिदरास विचारावयाचा. त्यासाठीं वऱ्हाडांत खुतबा कशाला? खुतबा हें सार्वभौमत्वाचें चिन्ह होय.

सोयरीक हा दोन दरबारांतील तहाचा दुवा होता. रुसवा हें तो तोडण्याचें निमित्त झालें. निमित्तासच कारण मानिलें म्हणजे सारा दोष एका स्त्रीच्या माथीं बसतो, आणि वऱ्हाडच्या सरदारांनीं धनी कां बदलला, हा मुख्य प्रश्न विचारावयाचा राहून जातो.