अहवालातील मौन : मावळातील करार कुक्कुटपालन आणि कंपन्यांची पारदर्शकता

अन्नव्यवसायातील कंपन्यांच्या पारदर्शकतेविषयी जे लेखन होते, त्यात एक गृहीतक बहुधा तपासले जात नाही. पाळीव प्राण्यांच्या स्थितीची माहिती संकलित होत नाही, म्हणून ती प्रसिद्धही होत नाही, असे मानले जाते. मावळ तालुक्यातील मांसल कोंबड्यांच्या शेडचा विचार केला असता हे गृहीतक टिकत नाही. माहिती आहे आणि ती दररोज लिहिली जाते. मात्र ती एकाच दिशेने जाते.

मावळ हा मुख्यतः भाताचा तालुका. पावसाळी भाताला जोड म्हणून येथील अनेक शेतकऱ्यांनी शेड उभारली. करार पद्धतीत एक दिवसाची पिल्ले, खाद्य, औषधे व लस कंपनी पुरवते. शेड, वीज, पाणी, अंथरायचे तूस आणि घरची मेहनत शेतकऱ्याची. सुमारे चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पक्षी दोन किलोच्या पुढे गेला की कंपनी बॅच उचलते. मोबदला किलोमागे ठरतो आणि एका किलो वजनासाठी किती खाद्य लागले, म्हणजे ज्याला शेतकरी ‘एफसीआर’ म्हणतात, त्यानुसार तो वाढतो वा कापला जातो. यासाठी शेडमध्ये नोंदपत्रक असते. रोजची मरतूक, संपलेले खाद्य, सरासरी वजन, दिलेली औषधे हे सारे त्यात येते. प्राणिकल्याणाचा अभ्यासक जे आकडे मागेल, त्यांतील निम्मे तरी या कागदावर सापडतात.

उरलेले निम्मे सापडत नाहीत, हेही अर्थपूर्ण आहे. लोणावळ्याच्या बाजूला जुलै-ऑगस्टच्या पावसात तुसाची गादी ओलसर राहते. झड आत येऊ नये म्हणून पडदे सोडावे लागतात आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया आतच कोंडतो. पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात, तळपायांना जखमा होतात. ही जखम नोंदपत्रकात येत नाही. तिच्यामुळे वजन घटले, तर ते वजनाच्या रकान्यात घट म्हणून उमटते, इतकेच. नोंद पक्ष्याची दिसते, पण हिशेब खाद्याचा असतो.

हा कागद कंपनीकडे गेल्यावर त्याचे काय होते? भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, 2021 मध्ये व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाचा नमुना जारी केला आणि बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना तो 2022-23 पासून बंधनकारक केला. नमुना नऊ तत्त्वांवर उभा आहे. त्यात पाण्याचा वापर विचारला जातो, विजेचा विचारला जातो, कचरा प्रकारवार विचारला जातो. कर्मचाऱ्यांचे आरोग्य व सुरक्षितता यांना स्वतंत्र रकाने आहेत. शेडमधील जिवंत पक्ष्याच्या स्थितीसाठी मात्र रकाना नाही. त्या नमुन्यात कोंबडी विक्रीयोग्य उत्पादन म्हणून येऊ शकते किंवा मेल्यावर कचरा म्हणून. या दोहोंच्या मधले तिचे सहा आठवडे अहवालाच्या भाषेत बसत नाहीत.

पुरवठासाखळीच्या माहितीची तरतूद ही उणीव भरून काढील, अशी अपेक्षा होती. तीही फलद्रूप झालेली नाही. सेबीच्या 2025 च्या परिपत्रकानुसार ही माहिती पहिल्या अडीचशे कंपन्यांपुरती आणि तीही ऐच्छिक आहे. शिवाय कंपनीच्या खरेदी वा विक्रीत ज्याचा वाटा एकट्याने दोन टक्के वा अधिक, तोच भागीदार मोजला जातो. कामशेत वा वडगावच्या आसपासचा पाच हजार पक्ष्यांचा शेडमालक या चाळणीवर कधीच राहणार नाही. हजारो लहान शेडमध्ये वाटलेले उत्पादन, नियम मोडल्यावाचून, अहवालाबाहेर राहते. आणि कंपनी सूचिबद्धच नसेल, तर हा प्रश्नही उद्भवत नाही.

कायद्याचे चित्र याहून विषम आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 चे कलम 3 प्राण्याच्या कल्याणाचे कर्तव्य ज्याच्या ताब्यात व देखरेखीखाली तो प्राणी आहे, त्याच्यावर टाकते. करार पद्धतीत हा माणूस शेतकरी होय. पक्षी त्याच्या मालकीचे नसतात. कलम 11 मालकालाही हयगयीबद्दल जबाबदार धरू शकते, परंतु पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये असल्याने त्याचा धाक कोणाला वाटावा? सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नागराज निकालात या दोन कलमांत प्राण्यांची पाच स्वातंत्र्ये वाचली. विधी आयोगाने 2017 च्या 269 व्या अहवालात कोंबड्यांच्या निवाऱ्याचे व वाहतुकीचे नियम सुचवले आणि पिंजरामुक्त उत्पादनाला पशुसंवर्धन विभागाने प्रमाणपत्र द्यावे, असेही म्हटले.

ग्राहकापर्यंत पोहोचते ते वेष्टनावरील चिन्ह. 2020 च्या लेबलविषयक विनियमांनी मांसाहारी पदार्थासाठी तपकिरी त्रिकोण ठरवला. तो खाणाऱ्याच्या आचारासाठी आहे. पक्षी कसा जगला, हे तो सांगत नाही. युरोपीय संघात 2004 पासून अंड्याच्या कवचावरील पहिला अंक कोंबडी पिंजऱ्यात होती की मोकळी, हे सांगतो. कोंबडीच्या मांसाला मात्र तेथेही तशी सक्ती नाही. उलट बाजारपेठेतील साध्या चिकनच्या दुकानात गिऱ्हाइकाला जिवंत पक्षी, त्याचे पाय आणि पिसे समोर दिसतात. थंड पेटीतल्या स्वच्छ पाकिटाने ही अनघड पारदर्शकता काढून घेतली आणि तिच्या जागी काही ठेवले नाही.

कंपन्यांची प्राणिकल्याणविषयक क्रमवारी लावणारा, 2012 पासूनचा आंतरराष्ट्रीय मानदंडही प्रसिद्ध झालेल्या मजकुरावरच विसंबतो. त्यामुळे चांगले लिहिणारी कंपनी वर चढण्याचा धोका त्यात आहेच. मावळच्या संदर्भात मागणी याहून साधी असू शकते. पाकिटावर बॅचचा क्रमांक असावा आणि त्या बॅचची मरतूक, पक्ष्यामागील जागा व दिलेली प्रतिजैविके कंपनीने प्रसिद्ध करावीत. मरतूक व औषधांच्या नोंदी तिच्याकडे आहेतच. जागेचा आकडा एका भागाकाराने निघतो.

यात अडचण आकड्यांची नाही. पाच हजार चौरस फुटांच्या शेडमध्ये पक्ष्यामागे एक चौरस फूट धरल्यास पाच हजार पक्षी बसतात; सव्वा फूट दिल्यास चार हजार. वजन तेच धरले तर किलोमागे मिळणारा शेतकऱ्याचा मोबदला एक पंचमांशाने घटतो, शेडचे कर्ज आणि घरची मेहनत मात्र जवळपास तेवढीच राहते. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांमुळे ग्राहकाने अधिक जागेचा आग्रह धरला, तर ही तूट करारातील किलोमागच्या दरातून भरून द्यावी लागेल आणि तो दर कंपनी ठरवते.